आमचा मदतनीस हात मागे घेऊन का उभा राहतो?

दिव्यांग व्यक्तींच्या घरी मदतनीस पाठवायचं काम आम्ही जळगाव, भुसावळ, अमळनेर आणि आसपासच्या गावांत करतो. पहिल्या महिन्यात घरच्यांचा एक फोन हमखास येतो. "भाऊ, तुमचा पोरगा काही करतच नाही. आमचे आप्पा अर्धा तास सदऱ्याशी झटत होते आणि हा शेजारी उभा राहून नुसता बघत होता. पैसे कशाचे घेता?" प्रश्न रास्त आहे. हे पत्रक त्याच्याच उत्तरासाठी छापलं आहे.

सदरा आम्ही दोन मिनिटांत चढवून देऊ शकतो. पण रोज आम्हीच चढवला तर वर्षभराने आप्पांना तो घालता येणार नाहीच, वर "आपल्याला आता काही होत नाही" हे मनात पक्कं बसेल. घरातला माणूस आजारातून उठल्यावर घरचे प्रेमापोटी त्याचं सगळं करू लागतात. पाणी हातात, ताट समोर, चपला पायात. काही महिन्यांनी तो पाणीसुद्धा मागायचं सोडतो. ते पुन्हा सुरू करणं हे आमचं काम.

सदरा कसा शिकवतो

लकवा मारलेल्या माणसाचा नियम साधा आहे : घालताना आधी दुबळा हात, काढताना आधी चांगला हात. खुर्चीत नीट बसवून सदरा मांडीवर पसरायचा. चांगल्या हाताने दुबळा हात बाहीत सरकवायचा आणि बाही कोपराच्या वर, दंडापर्यंत ओढून घ्यायची. कोपराखाली राहिली तर ती घसरते आणि सगळा खेळ पहिल्यापासून. मग सदरा पाठीमागून फिरवून दुसरा हात घालायचा, शेवटी बटणं.

शिकवताना मात्र आम्ही शेवटाकडून सुरुवात करतो. पहिले काही दिवस सगळं मदतनीस करतो, फक्त शेवटचं बटण आप्पांसाठी ठेवतो. ते जमलं की शेवटची दोन, मग सगळी बटणं, मग दुसरी बाही, असं मागे मागे सरकत जायचं. यात काम दरवेळी त्यांच्याच हातून पुरं होतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर माणूस बाहीतच अडकतो आणि वैतागून "ऱ्हाऊ दे" म्हणतो. एकदा "माले जमस" (मला जमतं) असं त्यांच्या तोंडून आलं की पुढचं शिकवणं निम्मं सोपं होतं.

अडलं तरी मदतनीस लगेच हात घालत नाही. आधी थांबतो. मग तोंडाने सुचवतो, मग बोट दाखवतो, आणि त्यानेही भागलं नाही तरच हाताला हात लावतो. हे थांबणं घरच्यांना फार जड जातं, आम्हाला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात कृपया स्वयंपाकघरात जा, चहा टाका.

बाजारात, बसस्टँडवर

डोळ्यांनी न दिसणाऱ्या व्यक्तीचा दंड धरून तिला पुढे ढकलत नेणारी माणसं जळगावच्या फुले मार्केटात रोज दिसतात. पद्धत उलटी आहे. तिने मदतनिसाचा हात कोपराच्या जरा वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. पायरी आली, वळण आलं, हे तिला त्याच्या अंगाच्या हालचालीवरून कळतं. सोडावंसं वाटलं तर हात तिचा, ती सोडू शकते.

पैशांचा भाग वेगळा शिकावा लागतो. शंभर आणि दोनशेच्या नव्या नोटा रुंदीला सारख्याच. लांबीत फरक चार मिलिमीटरचा, 142 आणि 146. घाईत, घामेजल्या बोटांना तो कळणं कठीण. म्हणून आम्ही नोटा वेगवेगळ्या घडीने पाकिटात ठेवायला शिकवतो. रिझर्व्ह बँकेचं 2020 साली आलेलं 'मनी' नावाचं ॲपही मोबाईलमध्ये टाकून देतो. नोटेसमोर मोबाईल धरला की ते रक्कम बोलून सांगतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

एखाद्या मुलीला गावाहून एसटीने एकटीने कॉलेजला जायचं असेल तर मदतनीस आधी शेजारी बसतो, मग दोन बाकं मागे, मग फक्त स्टँडवर उभा राहतो, आणि शेवटी नुसता फोनवर. मधल्या टप्प्यात आईचा जीव खालीवर होतो आणि आम्हाला दोन शब्द ऐकावे लागतात. ऐकतो.

दुकानदार, कंडक्टर, कधी कधी डॉक्टरसुद्धा समोरच्याला सोडून मदतनिसालाच विचारतात, "यांना काय पाहिजे?" अशा वेळी गप्प राहून आपल्या माणसाकडे बघायचं, असं आमच्या पोरांना शिकवलेलं आहे. उत्तर त्यानेच द्यायचं. त्याला वाचा नसेल तर चित्रांच्या पाटीवरून किंवा मोबाईलवरून, पण त्यानेच.

हात मागे राहत नाहीत ते प्रसंग

ओली मोरी, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसणं, जिने : इथे प्रयोग नाहीत. खुर्चीचे दोन्ही ब्रेक लागल्याशिवाय आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. लकव्याचा हात धरून माणसाला ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. खांदा निखळतो. मिरगीचा झटका आला तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना.

आणि आपला खानदेशी उन्हाळा. पाठीच्या मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या अंगाला घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग आतून तापत जातं. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या खुर्चीचं रेक्झिन, लोखंड त्यांच्या कातडीला भाजतं आणि त्यांना कळतही नाही. उन्हाळ्यात बाहेरची कामं आम्ही सकाळी नऊच्या आत उरकतो. ओला पंचा आणि पाणी सोबत असतंच. खुर्चीत बसल्या बसल्या दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवायचा, ही सवय मात्र बाराही महिने. नाहीतर बसल्या जागी जखमा होतात, आणि त्या भरायला महिनोन्‌महिने लागतात.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायला गवंड्याला बोलावण्याआधी आम्हाला एक फोन करा. दीड फूट उंच ओट्याला चार फुटांचा उतार बांधलेला आम्ही फार ठिकाणी बघतो. त्यावर खुर्ची मागे उलटते. हिशोब एकास बाराचा आहे, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. अंगणात जागा नसेल तर उतार वळवून घेता येतो.

कागदपत्रं, आणि आम्ही न करण्याची कामं

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरलेली आहे. अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल तर बहुतेक योजनांची दारं उघडतात. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरायला आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीला आम्ही सोबत येतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. ग्रामसेवकाला त्याबद्दल विचारायला आपल्या माणसालाच पुढे करा. इंजेक्शन देणं, लघवीची नळी बदलणं, गोळ्यांचं प्रमाण ठरवणं ही कामं आमची नाहीत. घरच्या सगळ्यांची धुणीभांडीही नाहीत.

काम नीट चाललं तर आमचे तास दर काही महिन्यांनी कमी होतात. हिशोब बघणारे आमचे नाना यावर नाराज असतात, ते त्यांचं ते बघतील. सगळ्यांचे तास कमी होतात असंही नाही. ज्यांचे हातपाय अजिबात हलत नाहीत त्यांना मदत दिवसभर आणि कायमची लागते. तिथे आम्ही वेगळं काही जपतो : आज कुठला सदरा, जेवण कधी, भरीत की शेवभाजी, कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या देवीच्या) मिरवणुकीला जायचं की नाही, हे ठरवायचं त्यांनी आणि करायचं आम्ही.

पहिल्या भेटीत आम्ही घरच्यांशी नंतर बोलतो, आधी ज्यांना मदत हवी त्यांच्याशी. त्यांना स्वतःला करायचं असलेलं एक काम तेवढं ठरवून ठेवायला सांगा. मदतनीस त्यांना पटला नाही तर दुसरा मागा. न पटण्याचं कारण सांगितलंच पाहिजे असं नाही, आणि त्याचे जादा पैसेही लागत नाहीत.