इंजिन माउंटिंग: ताठ, मऊ आणि पुन्हा ताठ

इंजिन माउंटिंग म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार. सुरुवातीच्या मोटारींत इंजिन चासीलाच, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, बोल्टने आवळलेले असे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा असा धक्का उठतो, जो पिस्टनची वरखाली एकमेकांना खोडून काढू शकत नाही. तो सरळ चासीत आणि तिथून स्टिअरिंगमध्ये येई. खराब रस्त्यावर चासी पिळली की ताण उलट दिशेने इंजिनावर जाई आणि बोल्ट बसायचे त्याचे ओतीव कान तडकत.

यावरचे खरे उत्तर १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथ पीए गाडीत दिले. ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने ते विकले गेले, आणि पुढच्याच वर्षी सिट्रोएनने परवाना घेऊन ते आपल्या गाड्यांत आणले. नुसते रबर घातले एवढेच त्यात नव्हते. एक माउंटिंग पुढे उंचावर, दुसरे मागे गिअरबॉक्सखाली खोलवर. दोन्हींना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाते. त्यामुळे इंजिन स्वतःला सोयीच्या अक्षाभोवतीच डोलते. हे डोलणे हाताबाहेर जाऊ नये म्हणून बाजूला एक पट्टीची स्प्रिंग होती. लहान कंपनाला मोकळीक आणि मोठ्या पिळाला अटकाव, हे दोन्ही त्यात आले. आजही घरी माउंटिंग बनवणारे पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

मिनीने १९५९ साली इंजिन आडवे बसवले आणि हिशेबच बदलला. उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेल्या, इंजिनात माउंटिंगवर येतो तो गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क (फिरवणारा जोर). आडव्या इंजिनात डिफरन्शियलही (दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंचही) त्याच ढाच्यात असल्याने चाकांचा पूर्ण टॉर्क. इंजिन ४०० न्यूटन-मीटरचे, पहिला गिअर ३.५ आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गिअर) ४ धरला, तर उभ्या मांडणीत १४०० न्यूटन-मीटर, आडव्यात ५६००. म्हणूनच मिनीत इंजिनाच्या वरून बल्कहेडकडे (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीकडे) एक स्टेडी बार, म्हणजे डोलणे रोखणारा दांडा, जातो. त्याचे बुश (टोकांची रबरी कडी) झिजले की क्लच सोडताना गाडी हिसके देते आणि एक्झॉस्ट पाइप तडकतो.

सगळ्यात महागडा धडा १९७१ चा. शेवरोलेच्या १९६५ ते १९६९ मधल्या सुमारे ६७ लाख गाड्या माउंटिंगसाठी परत बोलवाव्या लागल्या. रबर लोखंडाला फक्त चिकटवलेले होते. डाव्या बाजूचा जोड सुटला की जोरात ॲक्सिलरेटर दाबताच ती बाजू उचलली जाई, थ्रॉटलची जोडणी ओढली जाऊन अडके आणि गाडी आपोआप पळे. दुरुस्ती म्हणून इंजिन धरून ठेवणारी तारेची केबल बसवली गेली. पुढे रबर फाटले तरी लोखंडात लोखंड अडकेल अशी रचना रूढ झाली. स्वतः बनवलेल्या माउंटिंगमध्ये ही सोय नसेल, तर ते वापरूच नये.

रेसिंगने उलटी वाट धरली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन चासीचाच भाग होते; मागचे सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवर टांगलेले. ते जमले, कारण इंजिन त्यासाठीच आखलेले होते. रस्त्यावरच्या इंजिनाचा ब्लॉक तसा नसतो. पुढे द्रव भरलेली माउंटिंग आली, आणि २००९ च्या पोर्श ९११ जीटी३ मध्ये चुंबकीय द्रवाने कडकपणा बदलणारीही; पण ही वर्कशॉपमध्ये बनणारी गोष्ट नव्हे.

वर्कशॉपच्या हाती पॉलियुरेथेन हे रबरासारखे प्लास्टिक आहे. मूळ रबर साधारण शोअर ५० ते ६० ए (शोअर ए हे कडकपणाचे माप). रस्त्यासाठी ७० ते ८०, ट्रॅकसाठी ९५ पर्यंत. कडकपणा चौपट केला की माउंटिंगवरच्या इंजिनाची नैसर्गिक वारंवारता दुप्पट होते. ८०० आरपीएमच्या आयडलला (गाडी उभी असतानाच्या मंद फिरण्याला) चार सिलिंडरचे स्फोट सेकंदाला सुमारे २७. वारंवारता १२ हर्ट्झ होती ती २४ होऊन या २७ च्या जवळ आली, तर आयडललाच सगळी गाडी थरथरते. आयडल थोडे वाढवले की हे बरेच कमी होते.

ब्रॅकेट बनवताना इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर टेकू देऊन नीट बसवावे, प्रॉपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) कोन आधी तपासावेत, मगच पुठ्ठ्याचे साचे कापावेत. ५ ते ६ मिमीचा पत्रा, कोपऱ्यांना गसेट (तिकोनी आधारपट्टी), बोल्ट १०.९ ग्रेडचा एम१२ आणि दोन्ही कानांतून आरपार. जागेवर फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारावेत. पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून, बुश काढून, पण नळीत डमी बोल्ट आवळून करावे, नाहीतर कान आत ओढले जातात. द्रव युरेथेन ओतणार असाल तर साचा पूर्ण कोरडा हवा, ओलाव्याने बुडबुडे येतात. आतली नळी मधोमध धरून ठेवावी. हाताळण्याजोगे ते एका दिवसात होते, पण पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो.

कानाडोळा होतो तो गिअरबॉक्सच्या माउंटिंगकडे. इंजिनाच्या आणि मागच्या माउंटिंगच्या कडकपणात मोठा फरक ठेवला, तर एक टोक हलत नाही आणि दुसरे हलत राहते. वाकण्याचा ताण बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) ॲल्युमिनियमच्या कानांवर येतो आणि ते तुटू शकतात. म्हणून कडकपणा दोन्हीकडे मिळताजुळता ठेवावा.