इंकजेटची कार्ट्रिज झटकू नका: चमचाभर शाई आणि तिला तोलून धरणारा दाब

छपाई फिकट आली की कोणीतरी प्रिंटर उघडतो, कार्ट्रिज काढतो आणि थर्मामीटर झटकावा तशी दोन-चार वेळा झटकून परत बसवतो. ही सवय लेझर प्रिंटरवरून आलेली आहे. तिथे टोनर म्हणजे कोरडी पूड असते. कार्ट्रिज आडवी धरून हलवली की ती पूड सारखी पसरते आणि आणखी काही पानं खरोखर निघतात. इंकजेटमध्ये मात्र पातळ शाई असते आणि झटकल्याने चांगली चाललेली कार्ट्रिजही बिघडू शकते.

एचपी ८०३ किंवा कॅनन पीजी-४७ यांसारखी घरगुती कार्ट्रिज हातात घेऊन खालून पाहा. नखाएवढी एक चकचकीत पट्टी दिसेल. तिच्यात ओळीने छिद्रं असतात, त्यांना नोझल म्हणतात. एकेकाचा व्यास साधारण २० मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. छिद्रं उघडी, शाई पाण्यासारखी पातळ आणि गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतंय. तरीही ती गळत का नाही?

कारण आत स्पंज आहे. समईची वात तेल वर ओढते त्याच केशाकर्षणाने स्पंज शाईला मागे खेचून धरतो. त्यामुळे छिद्रापाशी शाईचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो, म्हणजे पाण्याच्या ५ ते १० सेंटिमीटर स्तंभाएवढा. शाईचा पृष्ठभाग छिद्रात आतल्या बाजूला वाटीसारखा वळलेला असतो. ही इवलीशी वाटी म्हणजे सगळ्या यंत्राची किल्ली.

ती किती ताण सोसते हे शाळेतल्या सूत्राने काढता येतं: पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. शाईचा पृष्ठताण ०.०३५ न्यूटन प्रति मीटर आणि त्रिज्या १० मायक्रॉन धरली तर उत्तर येतं ७००० पास्कल, म्हणजे पाण्याचा सुमारे ७० सेंटिमीटर स्तंभ. मागची ओढ शून्यावर आली तर शाई पट्टीवर पसरते, ७० च्या पुढे गेली तर वाटी फुटून हवा आत शिरते. आता झटकण्याचा हिशेब करा. कार्ट्रिजमध्ये शाई ३ सेंटिमीटर उंच आहे आणि झटक्यात तिला गुरुत्वाच्या २५ पट त्वरण मिळालं, तर छिद्रापाशी ३ गुणिले २५, म्हणजे ७५ सेंटिमीटरचा दाब पडतो. स्पंज थोडा विरोध करतो, पण मर्यादा ओलांडायला एवढं पुरेसं आहे. झटका एका दिशेला बसला तर शाई बाहेर उडते, दुसऱ्या दिशेला बसला तर हवा आत जाते.

हवेचा एक बुडबुडा एवढा का नडतो? या कार्ट्रिजमध्ये प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. त्याला काही मायक्रोसेकंदांपुरता विजेचा झटका मिळतो आणि त्याचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. शाईत मुख्यतः पाणीच असतं, पण तिला १०० अंशांवर सावकाश उकळायला वेळच मिळत नाही. हीटरला चिकटलेला अतिपातळ थर एकदम वाफ होतो आणि वाफेचा तो बुडबुडा समोरची शाई छिद्रातून ढकलून देतो. लगेच तो मिटतो, मागून शाई ओढली जाते आणि वाटी पुन्हा तयार होते. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली, सुईतून शाई उडाली आणि ती पाहणाऱ्या इचिरो एंडो यांना ही कल्पना सुचली. एचपीमध्येही स्वतंत्रपणे हेच तत्त्व सापडलं आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट प्रिंटर बाजारात आला.

हीटरसमोर हवा असली तर वाफेचा धक्का ती हवा दाबण्यातच वाया जातो, थेंब उडत नाही. शिवाय हीटरची उष्णता नेणारी शाईच नसल्याने तो जास्त तापतो. म्हणून अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसू लागल्यावर तशीच पानं काढत राहू नये. शाई हीटरवर करपून थरही बसतो, दूध लागलेल्या पातेल्याच्या बुडासारखा. याला कोगेशन म्हणतात. जपानीत ‘कोगे’ म्हणजे करपलेलं.

छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई असते ५ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चमचाभर. एक थेंब १० पिकोलिटरचा धरला तरी त्यातून ५० कोटी थेंब निघतात. प्रिंटर बऱ्याचदा उडवलेले थेंब मोजून शाईचा अंदाज बांधतो, आत डोकावून पाहत नाही. त्यामुळे ‘शाई कमी’ अशी सूचना आली की नवीन आणून ठेवावी, पण छपाई फिकट होईपर्यंत जुनी काढू नये.

बदलताना प्रिंटर चालूच ठेवा. झाकण उघडल्यावर कॅरेज, म्हणजे कार्ट्रिज धरून डावी-उजवीकडे फिरणारा भाग, स्वतः सरकून थांबू द्या, हाताने ओढू नका. जुनी कार्ट्रिज दाबून किंवा खटका उचलून काढा आणि नवीन कार्ट्रिजचं पाकीट तेव्हाच फोडा. छिद्रांवरची टेप तिच्या रंगीत टोकाला धरून सरळ ओढा. तांब्याचे ठिपके आणि छिद्रांची पट्टी यांना बोट लावू नका, कारण बोटाचं तेल विजेच्या जोडणीलाही नडतं आणि छिद्रांनाही. किंचित तिरकी सरकवून ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एचपीच्या बहुतेक छोट्या डेस्कजेटमध्ये तिरंगी डावीकडे आणि काळी उजवीकडे बसते. मग अलाइनमेंटचं, म्हणजे दोन्ही कार्ट्रिजची छपाई नीट जुळवून घेणारं, पान काढा. ज्या प्रिंटरमध्ये हेड, म्हणजे छिद्रांचा भाग, कायमचं बसवलेलं असतं आणि फक्त शाईच्या डब्या बदलतात, तिथे खाच रिकामी ठेवू नका, हेडमध्ये हवा जाते. काही डब्यांच्या पाकिटावर ‘उघडण्याआधी हलवा’ असं छापलेलं असतं. तळाशी बसलेले रंगकण मिसळावेत म्हणून ते असतं. सीलबंद असतानाच, सांगितलं असेल तेवढंच हलवा.

रिफिल करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे स्पंज गच्च भरणं. भरलेल्या स्पंजाला ओढायला जागाच उरत नाही, दाब शून्यावर येतो आणि शाई टपकते. सिरिंजने मिलिलिटरभर परत ओढून घेतली, छिद्रं टिश्यूवर टेकवली की गळती थांबते. दुसरी चूक म्हणजे लेबलखालचं हवेचं बारीक भोक चिकटपट्टीने बंद करणं. शाई जाते तेवढी हवा वरून आत आली नाही तर मागची ओढ वाढत जाते आणि दहा-वीस पानांत छपाई थांबते.

सुकलेल्या कार्ट्रिजला उकळत्या पाण्यात बुडवा, हेअर ड्रायर लावा, असे ‘दोन मिनिटांत चमत्कार’ व्हिडिओ भरपूर फिरतात. कृपया करू नका. त्या उष्णतेने पट्टीचा गोंद सुटू शकतो. टिश्यू कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओला करून त्यावर छिद्रं मिनिट-दोन मिनिटं टेकवा, मग न घासता कोरड्या टिश्यूवर टिपा. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार छिद्रातच बसतात. क्लीनिंग सायकल, म्हणजे प्रिंटरची स्वतःची छिद्रं साफ करण्याची सोय, दोन-तीनदा चालवूनही रेघा गेल्या नाहीत तर रात्रभर थांबा, छोटे बुडबुडे शाईत विरघळतात. पुन्हापुन्हा सायकल चालवली तर शाई संपते आणि खालचा टाकाऊ शाईचा पॅडही भरतो.

प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. त्या बटणाने कॅरेज बाजूला जाऊन रबराच्या टोपीवर बसते आणि छिद्रं झाकली जातात. छपाई चालू असताना भिंतीवरचं बटण दाबलं किंवा वीज गेली तर कॅरेज मधेच अडकते, छिद्रं उघडी राहतात. विदर्भातल्या मे महिन्यात ती फार लवकर सुकतात. वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद केला की कॅरेज टोपीवर परत जाते.