ईबीसी ते स्वाधार: फी माफ झाली, मेसचं काय?

ॲडमिशनच्या दिवसांत कॉलेजच्या फी काउंटरवर एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "ईबीसीत बसतोस का?" ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना मिळणारी फी-सवलत. योजनेचं सरकारी नाव आता 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती' असं लांबलचक आहे, पण काउंटरच्या अलीकडे-पलीकडे ते कुणी घेत नाही. गंमत अशी, की फीच्या या योजनेला ज्यांचं नाव दिलं, त्या शाहू महाराजांनी सुरुवात फीपासून केलीच नव्हती. त्यांनी आधी मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय बघितली.

१९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं उभी राहिली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळा-कॉलेज शहरात आणि मुलगा खेड्यात, ही खरी अडचण होती. शहरात आला तरी जात विचारल्याशिवाय खोली मिळायची नाही. हीच वाट पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी धरली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. ही गोष्ट आपण शाळेत भाबडेपणाने ऐकतो, पण ती नीट पाहिली तर गरीब मुलाच्या शिक्षणातला सगळ्यात जड खर्च कोणता, याचा तो रोकडा हिशोब आहे.

सरकारी पैशाची कथा वेगळ्या दारातून सुरू होते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना महिना २५ रुपये दिले आणि १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. बदल्यात १० वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे मदत होती, पण ती राजाच्या मर्जीची. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर डॉ. आंबेडकरांनी १९४२ मध्ये दलितांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं, त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज जिला पोरं नुसतं 'जीओआय' (गव्हर्नमेंट ऑफ इंडिया) म्हणतात, ती हीच.

मग १९५९. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने जात न विचारता फक्त उत्पन्न बघून फी माफ करण्याची सवलत आणली. पालकाचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी नाही. 'बाराशेची ईबीसी' ती हीच. तेव्हा बहुतेक कॉलेजं अनुदानित होती आणि आर्ट्स-कॉमर्सची फी आजच्या मानाने किरकोळ, त्यामुळे सरकारलाही हे झेपण्याजोगं होतं. शेतकऱ्याच्या घरातला पहिला पदवीधर या सवलतीवर शिकला. खेड्यापाड्यांत त्या पिढीतले निवृत्त मास्तर अजून याची आठवण काढतात.

हे गणित १९८३ नंतर फिरलं. वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या हे खरं, पण खर्च विद्यार्थ्याच्या खिशावर आला. डोनेशनचा गलबला झाला, खटले झाले, शेवटी शुल्क ठरवायला समित्या आल्या. फी हजारांवरून लाखांवर गेली आणि ईबीसीची मर्यादा मात्र वर्षानुवर्षं १ लाखावर चिकटून बसली. एखाद्या घरात नोकरी म्हणावी अशी नोकरी असली की मुलगा यादीबाहेर.

ती हलली २०१६ मध्ये. त्या वर्षी ऑगस्टपासून मराठा मोर्चे निघत होते आणि मागण्यांच्या यादीत आरक्षणाच्या जोडीला फी हा विषय होताच. ऑक्टोबरमध्ये सरकारने मर्यादा एकदम ६ लाखांवर नेली. अडीच लाखांच्या वर ६० टक्के गुणांची अट घातली होती, ती नंतर काढली. पुढच्या दोनेक वर्षांत मर्यादा ८ लाख झाली. इथे एक बारीक गोष्ट सुटू नये: बाराशेच्या काळात फी माफ व्हायची. आता व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मीच मिळते, तीही कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश असेल तर, आणि घरातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती. रेषा उंच गेली, पण तिच्याखाली येणाऱ्याला मिळणारा हात अर्धा झाला. २०२४ मध्ये मुलींसाठी हा अर्धा पूर्ण करण्यात आला. आठ लाखांच्या आतल्या आर्थिक मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी १०० टक्के सरकारकडे गेली. मात्र कॉलेज आकारतं ते विकास शुल्क वेगळंच राहिलं.

उलट मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा २०१३ मध्ये ठरली, ती तिथेच आहे. सातव्या वेतन आयोगानंतर शिपायाचा पगारसुद्धा ही रेषा ओलांडतो. महाराष्ट्रात रेषेवरच्या एससी मुलाला फ्रीशिप मिळते, म्हणजे फी सुटते, पण निर्वाह भत्ता जातो. आणि तो भत्ता तरी किती? २०१० च्या दरांनुसार वसतिगृहात राहून अकरावी-बारावी करणाऱ्याला महिना ३८० रुपये. एवढ्यात पुण्यात मेसचा आठवडाही निघत नव्हता. २०२१ मध्ये केंद्राने दर बदलले तेव्हा त्याच गटाला वर्षाला ४,००० रुपये झाले. भागाकार केला की महिन्याला ३३३. वाढ म्हणतात तिला!

म्हणून २०१६-१७ मध्ये आलेली डॉ. आंबेडकर स्वाधार योजना मला या सगळ्या इतिहासात वेगळी वाटते. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध मुलाच्या खात्यावर थेट राहण्या-जेवणाचे पैसे. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,०००: त्यात भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. शंभरेक वर्षांनी सरकार बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात परत आलं. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता त्याच सुमारास सुरू झाला, आणि ज्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं त्यांचं नाव तरी तिथे शोभून दिसतं.

ते पैसे कधी पडतात, हा मात्र निराळा विषय. तलाठ्याचा अहवाल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सेतूत रांग, बापाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी, आणि बाप तेव्हा रेंजबाहेर ऊसतोडीला. २०१७ मध्ये शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचं महाडीबीटी पोर्टल आलं, तेव्हा पहिल्या वर्षी ते इतकं अडखळलं की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. आता अर्ज बरा भरला जातो, पण 'आधार बँकेला सीड नाही', म्हणजे खात्याला जोडलेलं नाही, एवढ्यावर हप्ता अडतो. मेसवाला मात्र महिन्याचे पैसे आगाऊ घेतो. मग मुलं एक वेळचाच डबा लावतात, गावाकडून एसटीने येणाऱ्या भाकरीवर दुसरी वेळ काढतात, आणि दिवाळीला घरी जाताना मेसच्या वहीत खाडा, म्हणजे न जेवलेले दिवस, लिहून घ्यायला विसरत नाहीत.

२०२३ मध्ये ओबीसी मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना मंजूर झाली. मुंबई-पुण्यासाठी तिथेही आकडा ठरला ६०,०००. सात वर्षांपूर्वीचाच.