वादविवाद गाजवणारी शाळा आणि चर्चा जमणारी शाळा

कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा, तुमच्या शाळेत मुलं वेगवेगळ्या मतांवर नीट बोलतात का, उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. हो तर, आमची वादविवादाची टीम आहे ना, फिरता करंडक दोनदा आणलाय. आणि त्याच शाळेत पालकसभेत पोषण आहाराचा विषय निघाला की एचएम, म्हणजे मुख्याध्यापक, लगेच "पुढचा विषय घेऊ" म्हणतात. म्हणजे करंडक कपाटात आणि बोलणं बंद. हे असं होतं कारण आपण वादविवाद आणि चर्चा एकच समजतो, पण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एकातून दुसरी आपोआप येत नाही.

वादविवाद स्पर्धा कशी चालते ते सगळ्यांना माहितीये. विषय मिळतो, अनुकूल बाजू किंवा प्रतिकूल बाजू मिळते, बऱ्याचदा चिठ्ठी टाकून, मग मुद्दे, खंडन, घंटा, परीक्षक. यात बाजू बदलायची सोयच नाही. समोरच्याचा मुद्दा ऐकून एखादी मुलगी स्टेजवर म्हणाली की हो, हे मला पटलं, तर ती हरली. ऐकायचं ते खोड काढण्यासाठी. यात वाईट काही नाही बरं का, पुरावा शोधणं, चार मिनिटांत मुद्दा बसवणं, शंभर जणांसमोर पाय न लटपटता उभं राहणं हे सगळं मुलं इथेच शिकतात, आणि ज्या शाळेत ही स्पर्धा नाही तिथे ती सुरू करा असंच मी म्हणेन. फक्त ती झाली म्हणजे मतभेद हाताळायला शिकवलं असं समजू नका.

चर्चेत जिंकायचं नसतं, समोरच्याला असं का वाटतं ते कळून घ्यायचं असतं आणि मग काहीतरी ठरवायचं असतं, निदान आपलं नेमकं कुठे जुळत नाही तेवढं तरी. आता हे हवेतलं वाटेल म्हणून एक ठोस पद्धत सांगते. अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी वर्गासाठी ती बसवली. चार मुलं, दोन जोड्या. एक जोडी एका बाजूने तयारी करून मांडते, दुसरी ऐकते, मग उलट. इथपर्यंत आपला वादविवादच. पण नंतर बाजू बदलायच्या, म्हणजे मघाशी ज्याच्या विरोधात बोललात तेच आता जीव तोडून मांडायचं, आणि शेवटी दोन्ही बाजू सोडून चौघांनी मिळून पुराव्यावरून काय दिसतं ते लिहायचं. करंडक नाही, टाळ्या नाहीत. शाळेत मोबाईल आणू द्यावा का, या विषयावर नववीला हे दोन तासिकांत सहज जमतं, फक्त शिक्षकाने मध्ये मध्ये आपलं मत घुसवायचा मोह आवरायचा, जे आपल्याला भयंकर अवघड जातं.

मुलांचं एक वेळ सोपं आहे, खरी पंचाईत मोठ्यांची. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळा व्यवस्थापन समिती आणली, विनाअनुदानित खाजगी शाळा सोडल्या तर बाकी शाळांना ती लागते, त्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. कागदावर बघितलं तर गावातले सगळे मतभेद एका टेबलाशी बसवायची सोय. आता अंड्यांचंच घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, जे खात नाहीत त्यांना केळं, आणि मग २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्यांचे पैसे थांबवले, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणाले. म्हणजे प्रश्न थेट शाळेच्या ओट्यावर येऊन पडला. अशा वेळी एचएमने मीटिंगमध्ये "अंडं हवं का नको, हात वर करा" म्हटलं की संपलं, तुम्ही वादविवाद स्पर्धा लावली. दोन मिनिटांत एक बाजू धर्माची, एक बाजू कुपोषणाची, आणि ज्या बाईला एवढंच विचारायचं होतं की भांडी वेगळी ठेवाल का, ती काही बोलतच नाही. तिला अनुकूल पण नव्हतं व्हायचं आणि प्रतिकूल पण.

त्यापेक्षा आधी प्रत्येकाला विचारायचं की तुमची काळजी काय आहे, आणि ती फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहायची, तुमच्या शुद्ध भाषेत नको. भांडी वेगळी, पैसे कुणाचे, माझ्या मुलाला चिडवतील, शिजवणाऱ्या मावशी स्वतः खात नाहीत, असं सगळं. हे लिहून झालं की दिसतं, अर्ध्या गोष्टींवर कुणाचाच विरोध नाही. उरलेल्यांवर बोला. आणि हो, ज्यांचा आवाज मोठा त्यांना शेवटी बोलू द्या, सरपंच असले तरी. (हे सांगायला हिंमत लागते हे मान्य, पण मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन चहा पिताना सांगितलं तर ते ऐकतात.)

एक गोष्ट मात्र आधी बघायची, विषय तुमच्या हातात आहे का. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर (शासन निर्णय) आला, जूनमध्ये बदलून आला की हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी तर इयत्तेत किमान २० मुलं हवीत, आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले. त्या काळात स्टाफरूममध्ये काय वातावरण होतं ते शिक्षकांना सांगायला नको. जीआर बदलणं एचएमच्या हातात नव्हतं, तेव्हा "आपण ठरवू" म्हणून सभा बोलावणं म्हणजे लोकांची फसवणूक, पण "जीआर आलाय, गप्प बसा" हेही चूक. सरळ सांगायचं की निर्णय वरचा आहे, आपण बोलायचं ते वर काय कळवायचं आणि वेळापत्रक कसं बसवायचं यावर.

आणि काही विषयांना दोन बाजू नसतातच. पंगतीत कुणाला वेगळं बसवायचं का, छडी चालेल का, यावर चर्चा नाही आणि स्पर्धा तर अजिबात नाही. पहिल्याला अस्पृश्यता बंद करणारं राज्यघटनेचं कलम १७ आहे आणि छडीला मारहाणीवर बंदी घालणारं आरटीईचं कलम १७, योगायोगाने आकडा एकच. "सगळ्यांची मतं ऐकून घेऊ" असं इथे म्हणणारा एचएम तटस्थ नाही, तो घाबरलाय. जर्मनीत १९७६ साली बॉयटल्सबाख गावी शिक्षणातली मंडळी जमली होती, तिथून निघालेल्या तत्त्वांत एक असं की मुलांवर मत लादायचं नाही, आणि दुसरं असं की समाजात ज्यावर खरोखर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच यायला हवं. या दुसऱ्यातला "खरोखर" महत्त्वाचा. धरण व्हावं का, यावर वाद आहे. शिवाशिव पाळावी का, यावर नाही.

चर्चा नीट झाली की सगळे एकत्र येतात असंही काही नाही, तशी अपेक्षा ठेवून बसलात तर निराश व्हाल. टिळक-आगरकर एकाच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत, एकाच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे, आणि १८९० साली टिळक सोसायटी सोडून गेले. सामाजिक सुधारणेवर त्यांचं पटत नव्हतं हे सगळ्यांना माहितीये, पण सोसायटीच्या आत आजीव सदस्यांनी बाहेर कमाई करावी का हाही भांडणाचा मुद्दा होता. शाळांमध्ये आजही हे दिसतं, वाद पीरियड वाटपाचा असतो आणि बोलणं विचारसरणीचं चालतं, म्हणून एचएमने आधी दोन्ही वेगळे करावेत.

राहता राहिलं इतिवृत्त. आपल्याकडे मीटिंग कशीही झाली तरी "ठराव सर्वानुमते मंजूर" लिहायची सवय आहे. ज्यांना पटलं नाही त्यांचं कारण एका ओळीत लिहा, त्यांना वाचून दाखवा, आणि हा विषय परत कधी उघडणार तो महिना खाली टाका. पुढच्या मीटिंगला ते लोक येतात की नाही ते बघा, मग कळेल तुमच्याकडे चर्चा झाली होती की स्पर्धा.