खाणप्रदेशाची सामूहिक सहल (पुणे–कोलार)

जुन्या, बहुधा बंद पडलेल्या खाणींच्या प्रदेशात गटाने जाऊन तिथली यंत्रे, वसाहती, ढिगारे, पाण्याच्या व विजेच्या सोयी आणि खाणकामगारांचे जगणे पाहण्याच्या प्रवासाला खाणप्रदेशाची सहल म्हणता येईल. पुण्यात गडकोटांच्या, लेण्यांच्या आणि अष्टविनायकाच्या सहलींची घडी फार वर्षांपासून बसलेली आहे. खाणीची सहल त्या मानाने नवी. पुण्याच्या पायाखाली सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात घर बांधायला दगड भरपूर, सोने नाही. त्यामुळे खाण पाहायची तर पुणेकराला लांब जावे लागते. या नोंदीत कर्नाटकातील कोलार सोनखाणपट्टा (कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ) हे मुख्य उदाहरण घेतले आहे. तिथली खाण १२० वर्षे चालून बंद पडली, जवळच मराठी इतिहासाच्या खुणाही आहेत, आणि नियोजनात चुका करायला भरपूर वाव आहे.

२०१८ च्या एका कन्नड चित्रपटामुळे केजीएफ ही अक्षरे घराघरांत पोचली आणि चौकशा वाढल्या. येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र चित्रपटातली खाण असते. प्रत्यक्षात खाली उतरता येत नाही. उपसा थांबल्यावर बोगद्यांत पाणी भरले, तोंडे बंद झाली. खाण पाहायला जाऊन खाण न दिसणे ही या सहलीची मूळ अडचण असून सगळे नियोजन तिच्याभोवती फिरते. वर जे उरले आहे ते कोणत्या क्रमाने दाखवले म्हणजे खालचे उमगेल, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता गेलेला गट दोन गंजके मनोरे आणि एक राखाडी टेकडी पाहून तासाभरात ‘आता पुढे काय?’ विचारू लागतो.

प्रदेशाची ओळख

केजीएफ बंगळूरच्या पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरवर आहे. इथे सोने काढण्याचे काम फार जुने. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन या ब्रिटिश अधिकाऱ्याने उरिगाम-मारिकुप्पम भागातले गावकरी माती धुऊन सोने काढताना पाहिले. १८७० च्या दशकात मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने म्हैसूर संस्थानाकडून परवाना मिळवला, पण भांडवल अपुरे पडले. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी आली आणि खऱ्या अर्थाने खोदाई सुरू झाली. सोने गारगोटीच्या शिरांमध्ये होते आणि शिरा खोल जात होत्या. त्यांच्या मागे माणसे खाली खाली गेली. चॅम्पियन रीफ ही खाण ३.२ किलोमीटर खोल गेली. ट्रेकिंग करणाऱ्यांना हा आकडा असा सांगावा : कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर; जवळजवळ दोन कळसूबाई एकीखाली एक उलट्या टांगल्या की चॅम्पियन रीफचा तळ येतो. तिथे खडकाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर होते आणि प्रचंड दाबाने खडक अचानक फुटण्याची भीती कायम असे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये खाणी म्हैसूर राज्याने ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. सोन्याचे प्रमाण उतरत गेले, खर्च चढत गेला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबले. तोवर सुमारे ८०० टन सोने निघाले होते.

काय दाखवायचे

सुरुवात केजीएफला न करता बंगळूरच्या कृष्णराजेंद्र मार्केटपाशी करावी, असे या नोंदीचे मत आहे. १९०५ मध्ये या परिसरात विजेचे पथदिवे लागले. वीज कावेरीवरच्या शिवनसमुद्र प्रकल्पाची होती. पण ती १९०२ मध्येच, जवळपास दीडशे किलोमीटर तारा टाकून, आधी सोन्याच्या खाणींना दिली गेली होती. शहराचा नंबर नंतर लागला. फुलांच्या ढिगांमध्ये उभे राहून हे ऐकले की खाणीची त्या काळातली पत लगेच कळते, आणि दुसऱ्या दिवशी केजीएफमधले विजेचे खांबसुद्धा गट निरखून पाहतो.

पाण्याचेही तसेच. पालार नदीच्या खोऱ्यातल्या बेतमंगल तलावातून खाणवस्तीला पाणी येई. तलाव पाहण्यासारखा आहे आणि तिथे डबा उघडायला सावली मिळते. बंगारपेट–मारिकुप्पम हा छोटा रेल्वेफाटा १८९४ चा. बंगारपेटचे जुने नाव बोरिंगपेट. म्हैसूरच्या एका ब्रिटिश कमिशनरवरून पडलेले.

गावात शिरल्यावर उरिगामचे बंगले, १८८५ चा क्लब आणि चर्च एकीकडे, तर चॅम्पियन रीफ व मारिकुप्पमच्या कामगारांच्या ‘लाइनी’, म्हणजे घरांच्या रांगा, दुसरीकडे. थंड हवेमुळे इंग्रज या भागाला लिटल इंग्लंड म्हणत. सहलवाले बंगल्यांपाशी फोटोसाठी अर्धा तास देतात आणि लाइनींवरून गाडी न थांबवता नेतात. हे उलटे व्हायला हवे. कामगार मुख्यतः तमिळ भागातून आलेले होते, त्यांतले बहुसंख्य दलित. तमिळ विचारवंत पंडित अयोथीदास यांच्या बौद्ध चळवळीची शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मारिकुप्पममध्ये काम करत होती, म्हणजे नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेआधी जवळजवळ अर्धशतक. महाराष्ट्रातून जाणाऱ्या गटाला हे सांगितले नाही तर सहल निम्मीच झाली.

‘सायनाइड डंप’ या सर्वांत मोठ्या खुणा. दळलेल्या दगडातून सायनाइडच्या पाण्याने सोने वेगळे केल्यावर उरलेल्या भुकटीचे हे ढीग टेकड्यांएवढे आहेत. दुरून फिकट राखाडी दिसतात. जवळ गेल्यावर पावसाने पाडलेल्या उभ्या घळी, मधूनच उगवलेली झुडपे, आणि बुटाला चिकटणारी पिठासारखी मऊ धूळ. वारा असला की ती वस्तीवर उडते. वर चढून रील काढण्याचा मोह प्रत्येक गटात कुणाला तरी होतोच. चढू देऊ नये. रस्त्यावरून पाहावे, मास्क जवळ ठेवावा, दमा असलेल्यांना गाडीतच बसवावे.

विज्ञानाची आवड असलेल्यांसाठी एक गोष्ट राखून ठेवावी. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह इथल्या खोल बोगद्यात, सुमारे २.३ किलोमीटर खाली, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची (जवळजवळ कशातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) नोंद केली. जगात अशी नोंद त्याच वर्षी पहिल्यांदा झाली. पाहायला काहीच नाही, हेडगिअर नावाचा लोखंडी सांगाडा तेवढा. तरी सांगणारा चांगला असेल तर याच ठिकाणी गट सर्वाधिक रेंगाळतो.

खडकही दाखवावेत. कोलारच्या पट्ट्यातले खडक सुमारे २७० कोटी वर्षांचे. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे अगदी कालचा. पेद्दपल्ली इथे पाण्याखाली थिजलेल्या लाव्हाचे उशांसारखे गोळे असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहेत. रस्त्याने जाणाऱ्यांना असेच गोळे चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीलाही भेटतात. पाताळेश्वर लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला लाव्हाचे वेगळे कौतुक नसते. पाण्यातला लाव्हा पाहून मात्र तो वाकून हात लावतो.

जोडस्थळे

शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत कोलारही होते. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वर मंदिराशी व्यंकोजीराजांचे नाव जोडलेले असून त्यांचा १६६९ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. कोलार गावात कोलारम्मा व सोमेश्वर ही मंदिरे, हैदरअलीच्या घराण्याचा मकबरा आणि डोंगरातला अंतरगंगेचा झरा. मुळबागलजवळ कुरुडुमलेचा भव्य गणपती. कम्मसंद्र इथले कोटिलिंगेश्वर केजीएफच्या अगदी जवळ आहे आणि गटातल्या निम्म्या लोकांचे मन तिथेच असते, त्याकडे दुर्लक्ष करण्यात अर्थ नाही. ते सकाळी लवकर उरकावे.

प्रवास आणि आरक्षण

पुण्याहून बंगळूर रस्त्याने सुमारे ८४० किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग असा सरळ महामार्ग असला तरी ज्येष्ठांना घेऊन एका दमात जाणे अघोरी. चित्रदुर्गला मुक्काम करावा. मुंबईहून पुण्यामार्गे जाणारी उद्यान एक्स्प्रेस पुण्यापासून साधारण २० तास घेते आणि सकाळी पोचवते.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, पूर्वी १२० दिवस होते. त्यामुळे ‘चार महिने आधी तिकिटे काढून टाकू’ ही पुणेरी शिस्त आता चालत नाही. पैसे आधी गोळा करून त्या दिवशी सकाळी आठला चौघांनी मोबाइल घेऊन बसावे लागते. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी. २४ जणांची चार तिकिटे होतात, पण इथे एक मेख आहे. खालच्या बर्थचा ज्येष्ठ कोटा (पुरुष ६०, महिला ४५ वर्षांपासून) तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागू होतो. सहा-सहाची गाठोडी बांधली तर सत्तरीच्या काकूंना वरचा बर्थ येऊ शकतो. म्हणून ज्येष्ठांची तिकिटे जोडीजोडीने काढावीत. डबे वेगळे आले तर जेवणाचे डबे वाटणाऱ्याने चालावे. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे वर्गणी सांगतानाच स्पष्ट केलेले बरे.

वर्गणी काढताना माणसागणिक खर्च (तिकीट, जेवण, खोलीचा वाटा) आणि गटाचा ठरलेला खर्च (बस, चालकाचा भत्ता, टोल, वाटाड्याचे मानधन) वेगळे मांडावेत. २४ जण धरून बस ठरवली आणि १८ आले, तर बसचा प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांशाने वाढतो. आयत्या वेळी नातवाची परीक्षा निघणारे दोघे-तिघे प्रत्येक गटात असतातच. बसचा वाटा परत मिळणार नाही, ही अट पहिल्याच पत्रकात लिहावी. संख्या २० ते २५ पुरे. त्याहून मोठा गट लाइनींच्या बोळांत मावत नाही आणि मागच्यांना ऐकू येत नाही.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण त्या सुमारास या भागात परतीच्या, ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो.

वाटाड्या, भाषा, रीतभात

केजीएफमध्ये घरात-बाजारात तमिळ चालते, सोबत कन्नड आणि जुन्या लोकांत चांगले इंग्रजी. हिंदीवर विसंबू नये. रास्ता पेठ किंवा खडकीतला एखादा तमिळभाषक सोबत आला तर सहलीचा रंगच पालटतो. माहिती देणारा शक्यतो निवृत्त खाणकामगार असावा. त्याचे मानधन आधी ठरवून पाकिटात द्यावे, शेवटी बसमध्ये टोपी फिरवून गोळा करू नये. त्याला विचारायचे प्रश्नही साधे असावेत : पाळण्यातून (खाणीच्या लिफ्टमधून) खाली जायला किती वेळ लागायचा, डब्यात काय असायचे, भोंगा किती वाजता व्हायचा.

खाणीच्या आवारातली बरीचशी जमीन आजही बंद कंपनीच्या ताब्यात आहे. कुंपणाआड जाण्यासाठी लेखी परवानगी लागते आणि ती नसेल तर बाहेरूनच पाहावे. पुणेकराला ‘प्रवेश बंद’ पाट्यांचे शिक्षण वेगळे द्यायची गरज नसावी, तरी सहलीत माणूस बदलतो. लाइनींमधली घरे ही लोकांची राहती घरे आहेत. दारात उभे राहून आत कॅमेरा रोखणे तिथे नेहमी घडते आणि तिथल्यांना ते आवडत नाही.

चालू खाण पाहायची असल्यास नियम आणखी कडक होतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या खाण अधिनियम, १९५२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला काम सुरू असलेल्या खाणीत नेता येत नसे, त्यामुळे शालेय सहलींचा प्रश्नच मिटत असे. महाराष्ट्रात नागपूरजवळच्या सावनेर व गोंडेगाव या कोळसाखाणी पर्यटकांना दाखवण्याचा उपक्रम वेस्टर्न कोलफील्ड्स व राज्य पर्यटन महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केला; खरोखर भूगर्भात उतरायचे असेल तर चौकशी तिकडे करावी.

खाणे

कोलार भागात दोन गोष्टी चुकवू नयेत. मुळबागलचा डोसा : जाडसर, बाहेरून तांबूस कुरकुरीत, आतून लुसलुशीत. आणि बंगारपेटची पाणीपुरी, जिचे पाणी हिरवे नसून नळाच्या पाण्यासारखे पारदर्शक असते. पुणेकर आधी ते संशयाने पाहतो, ‘हे साधंच पाणी दिसतंय हो’ म्हणतो, आणि पुरी तोंडात टाकल्यावर त्याला ठसका लागतो. पोळीशिवाय ज्यांचे अडते त्यांनी दशम्या सोबत घ्याव्यात.

दिवसाचा शेवट मारिकुप्पम स्थानकावर करता येतो. खाण बंद झाल्यापासून केजीएफचे हजारो लोक पहाटेच्या गाड्यांनी बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. त्या गर्दीच्या गाड्यांत सहलीचा गट चढवू नये, त्यांच्या जागा अडतात. फलाटाच्या कडेला बाकांवर बसून गाडी रिकामी होताना पाहावी. डबे हातात घेऊन उतरणारे लोक भराभर लाइनींच्या दिशेने जातात आणि दहा मिनिटांत फलाट मोकळा होतो.