क्वार्ट्झचा ओटा : जपायचं ते रेझिनला

क्वार्ट्झच्या ओट्यावर सुरीने चरा पाडणं अवघड असतं. पण त्याच ओट्यावर आचेवरून नुकतंच उतरवलेलं भांडं थेट टेकवलं, तर कधीही न निघणारा डाग पडू शकतो. पोलादाला दाद न देणारा पृष्ठभाग उष्णतेपुढे का टिकत नाही, हे कळायला ही लादी बनते कशी ते पाहावं लागतं. ते एकदा कळलं की ओटा निवडायचा कसा आणि राखायचा कसा, याची बरीचशी उत्तरं आपोआप मिळतात.

ग्रॅनाइट किंवा संगमरवर खाणीतून अखंड निघतो. क्वार्ट्झची लादी मात्र कारखान्यात तयार होते. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचं खनिज. ते दळून त्याचे बारीक-मोठे दाणे करतात. मोठ्या दाण्यांमधल्या फटींत बारीक दाणे बसतात आणि उरलेल्या जागेत पिठासारखी भुकटी शिरते. त्यात पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे दाण्यांना चिकटवून धरणारं एक प्लास्टिक, आणि रंग मिसळतात. हे मिश्रण साच्यात पसरून निर्वात जागेत एकाच वेळी हादरवतात आणि दाबतात. हवा निघून जाते, दाणे एकमेकांना भिडतात, मग भट्टीत तापवून रेझिन कडक करतात. ही पद्धत इटलीतल्या ब्रेटॉन या यंत्रकंपनीने विकसित केली आणि जगभरच्या कारखान्यांनी उचलली.

माहितीपत्रकात बहुधा ‘९० टक्क्यांहून अधिक नैसर्गिक क्वार्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. ते खरंच असतं, पण तो हिशेब वजनाचा असतो. क्वार्ट्झची घनता पाण्याच्या २.६५ पट, तर रेझिनची साधारण १.२ पट. त्यामुळे वजनाने ९२ टक्के क्वार्ट्झ आणि ८ टक्के रेझिन असलेल्या लादीत कोणी किती जागा व्यापली हे मोजलं, तर रेझिनचा वाटा जवळपास १६ टक्के भरतो. म्हणजे लादीचा सहावा हिस्सा प्लास्टिकचा. या ओट्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. दाण्यांची काळजी घ्यावी लागत नाही, त्यांना धरून ठेवणाऱ्या रेझिनची घ्यावी लागते.

उष्णतेचंच पाहा. नुसत्या क्वार्ट्झला स्वयंपाकघरातल्या कुठल्याही तापमानाने काहीच होत नाही. रेझिनचे रेणू मात्र साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे धोक्यात येतात. तिथे आधी पिवळसर किंवा पांढुरकी छटा दिसते, पुढे ते करपतात. आचेवरच्या कोरड्या भांड्याचं बूड २०० अंशांच्या वर सहज जातं. हा डाग वरवरचा नसल्यामुळे घासून निघत नाही. रेणूच तुटलेले असतात, तिथे साबण काय करणार?

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही, पण मला ते जास्त गंभीर वाटतं. तापल्यावर रेझिन क्वार्ट्झच्या कित्येक पट प्रसरण पावतं. शिवाय लादीतून उष्णता हळू पसरते, त्यामुळे भांड्याखालचा तुकडा फुगू पाहतो आणि भोवतीचा थंड भाग त्याला आवळून धरतो. हा ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही. बेसिन किंवा शेगडीसाठी कापलेल्या जागेच्या आतल्या कोपऱ्यांत तो एकवटतो, आणि कोपरा जितका टोकदार तितका ताण अधिक. म्हणून पुष्कळदा तडा तिथूनच सुरू होतो. असे कोपरे काटकोनात न कापता गोलाई देऊन कापायला सांगावं. साधारण १० मिलीमीटर त्रिज्येची गोलाई दिली तरी मोठा फरक पडतो. लादी ठरवतानाच ही गोष्ट कारागिराशी बोलून घ्यावी, कारण ओटा बसल्यावर ती सुधारणं कठीण. आणि रोजच्या वापरात गरम भांड्याखाली लाकडाची किंवा सिलिकॉनची बैठक असावीच. त्यातही, कापड दुमडून ठेवण्यापेक्षा खालून हवा खेळेल अशी बैठक बरी. रात्रभर मंद आचेवर चालणारी विजेची भांडी तर लोक विसरूनच जातात. तासन्‌तास एकाच जागी ऊब देणारं उपकरणही उंच बैठकीवर ठेवलेलं चांगलं.

आम्लाच्या बाबतीत क्वार्ट्झ संगमरवरापेक्षा सरस ठरतो. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे लिंबाचा रस सांडला की तो विरघळून झिलई जाते. क्वार्ट्झवर स्वयंपाकघरातल्या कोणत्याही आम्लाचा परिणाम होत नाही. पण पॉलिएस्टरचे रेणू ज्या एस्टर बंधांनी जोडलेले असतात, ते तीव्र अल्कली तोडते. ओव्हन साफ करायची किंवा तुंबलेली मोरी मोकळी करायची जी रसायनं मिळतात, त्यांत बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड असतं. ते ओट्यावर सांडलं आणि तसंच राहिलं, तर झिलई मरते. ब्लीचने रेझिनमधला रंग उडू शकतो. रंग काढायच्या द्रावकांनी रेझिन फुगतं. यातलं काही सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं. एरवी रोजच्या सफाईला भांड्यांच्या साबणाचे थेंब घातलेलं कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढं पुरतं. नळाभोवती क्षारांचा पांढरा थर साचला तर पाणी मिसळलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावून स्वच्छ धुऊन टाकावं.

ओट्यावर करड्या रेघा दिसल्या की चरे पडले असं वाटून मन खट्टू होतं. पण बहुतेक वेळा घडलेलं असतं ते उलटंच. मोह्‌सच्या काठिण्य मापनश्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आहे, साधी पोलादी सुरी ५.५ च्या आसपास, ॲल्युमिनियम त्याहूनही मऊ. भांडं ओट्यावरून सरकवलं की झिजतं भांडं, आणि पेन्सिलीची खूण कागदावर उमटावी तशी धातूची रेघ ओट्यावर उमटते. ती मऊ फडक्याने आणि सौम्य क्रीमने निघते. इथे घाईघाईने हिरवी खरखरीत घासणी घेतली तर खरं नुकसान होतं. अशा पुष्कळ घासण्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, त्यांचं काठिण्य ९. ते दाण्यांना आणि दाण्यांमधल्या मऊ रेझिनला सारखंच ओरबाडतात, आणि घरी पुन्हा तशी झिलई आणता येत नाही. कारखान्यात ती हिऱ्याच्या हत्यारांनी आणलेली असते. सुरी मात्र ओट्यावर थेट चालवू नये. दाण्याला काही होणार नाही, पण रेझिनवर ओरखडा उठेल आणि सुरीची धारही जाईल.

सील मारावं का, हा प्रश्न नेहमी येतो. मारू नये. ग्रॅनाइटमध्ये सूक्ष्म छिद्रं असतात आणि सीलर त्यांत मुरतो. या लादीत हवा आधीच काढलेली असल्याने मुरायला जागाच नसते, वर फक्त चिकट पापुद्रा राहतो. आणि ऊन : रेझिनमधली वलयाकार कार्बनी रचना अतिनील किरण शोषते आणि कालांतराने पिवळी पडते. म्हणून उघड्यावर क्वार्ट्झ लावू नये. खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरणांचा काही भाग आत येतोच, तेव्हा थेट ऊन पडणाऱ्या ओट्यासाठी पांढरीशुभ्र लादी घेताना दोनदा विचार करावा.

लादी निवडताना तळहाताएवढ्या नमुन्यावर विसंबू नये, पूर्ण लादी उभी करून बघावी. तिरप्या उजेडात पाहिलं की मिश्रण नीट न झाल्याने एका जागी गोळा झालेल्या रेझिनचे धब्बे दिसतात. एकापेक्षा जास्त लाद्या लागणार असतील तर त्या एकाच घाण्यातल्या असाव्यात. संगमरवरासारख्या शिरा असलेल्या लादीची कापलेली कड जरूर पाहावी, कारण काही लाद्यांत शीर फक्त वरच्या थरात असते आणि कडेला ती अचानक नाहीशी होते. एक तुकडा घरी आणून त्यावर कॉफी आणि लिंबाचा रस रात्रभर ठेवून बघावा. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ही परीक्षा खात्रीची. २० मिलीमीटर जाडीच्या लादीचं वजन दर चौरस मीटरला ४८ किलोच्या आसपास जातं, तेव्हा खालचा आधार सपाट आणि भक्कम हवा.

आता ज्या गोष्टीची चर्चा दुकानात सहसा होत नाही, ती. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. घरात बसवलेल्या लादीतून ती हवेत येत नाही, पण लादी कापताना, घासताना येते. यातले काही मायक्रोमीटरचे कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात, पचवू शकत नाहीत आणि मरतात. हे चक्र चालू राहून फुप्फुसावर व्रण साचत जातात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही. २०१२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी कृत्रिम दगडाचं काम करणाऱ्या २५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यातल्या १० जणांवर फुप्फुस प्रत्यारोपण करावं लागलं होतं. पुढे अनेक देशांत तरुण कारागीर या आजाराने ग्रासलेले आढळले. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने अशा लाद्यांची निर्मिती, पुरवठा आणि बसवणं यावर बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश.

आपल्या ओट्याची चकाकी कुणाच्या श्वासाच्या बदल्यात यावी, हे मला मान्य नाही, आणि ग्राहक म्हणून यात करण्यासारखं पुष्कळ आहे. ज्यांत क्वार्ट्झऐवजी काचेचा चुरा आणि फेल्डस्पार हे खनिज वापरलेलं असतं, अशा कमी सिलिकेच्या लाद्या आता मिळू लागल्या आहेत. काचेतली सिलिका स्फटिकरूप नसते. त्यांची चौकशी जरूर करावी. क्वार्ट्झच घ्यायचा असेल तर काम देण्यापूर्वी कार्यशाळा पाहून यावी. कापणी पाण्याच्या धारेखाली होते का, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आहे का, कामगारांच्या तोंडाला फडकं आहे की योग्य गाळणीचा श्वसनमास्क? पाण्याने धूळ खूप घटते पण पूर्ण जात नाही, म्हणून या तिन्ही गोष्टी हव्यात. मापं आधी अचूक घेऊन बेसिन, शेगडी आणि नळाची सगळी भोकं कार्यशाळेतच पाडून घ्यावीत. आणि बसवताना एखादी कड घासायची किंवा नवं भोक पाडायची वेळ आलीच, तर घरात कोरडं ग्राइंडर चालवू देऊ नये. ओल्या कापणीचं हत्यार आणि मास्क येईपर्यंत काम थांबवावं, एक दिवस उशीर झाला तरी चालेल.