प्रीॲम्पचे व्हॉल्व्ह बदलण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘जुने मुलार्ड आहेत का?’ म्हणजे त्या नावाजलेल्या इंग्लिश कंपनीचे व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आहेत का, हा प्रश्न आमच्या काउंटरवर नेहमीचा. असतात, कधीमधी. पण ते कपाटातून काढण्याआधी आम्ही उलट विचारतो : प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणारं यंत्र) कुठला, आणि त्यातल्या कुठल्या जागेवरचा व्हॉल्व्ह बदलायचाय? ‘सगळेच बदलून टाका’ असं उत्तर आलं, की आम्ही खुर्ची पुढे करतो. बसून बोलायचं ते सगळं या पत्रकात लिहून ठेवलंय.

जागा आधी, कंपनी नंतर

रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) फार तर ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल येतो. प्रीॲम्पच्या फोनो विभागातला, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा सिग्नल घेणाऱ्या भागातला, पहिला व्हॉल्व्ह हा सिग्नल उचलतो आणि त्यासोबत स्वतःची बारीक सूं, स्वतःची खरखर मिसळतो. पुढचा व्हॉल्व्ह मग गाणं आणि खरखर दोन्ही सारखंच वाढवतो. म्हणून शांत, नीट जुळलेल्या जोडीचा खरा उपयोग या पहिल्या जागेवर. दुसऱ्या जागेवर तोच व्हॉल्व्ह टाकलात तर फरक कमी, आणि शेवटच्या जागेवर तर बऱ्याच प्रीॲम्पमध्ये कॅथोड फॉलोअर असतो. तो आवाज वाढवतच नाही, फक्त पुढची केबल आणि पॉवर ॲम्प हाकायला ताकद देतो. तिथे महागडी जोडी घालणाऱ्याला आम्ही अडवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर नाही, फक्त सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारं यंत्र) आहे, त्यांनी आणखी सावकाश घ्यावं. तिथून आधीच २ व्होल्टच्या आसपास सिग्नल येतो. असा सिग्नल घेणाऱ्या लाइन विभागात व्हॉल्व्ह बदलून फरक पडतो, पण फोनोत पडतो तेवढा नाही. ‘पडदा उघडल्यासारखं वाटतं’ वगैरे कुणी सांगितलं तर आधी ऐका, मग पाकिटाला हात घाला.

सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला असं नाही

१२एएक्स७ आणि ईसीसी८३ हा एकच व्हॉल्व्ह, एक अमेरिकन नंबर, एक युरोपियन. तसंच १२एटी७ म्हणजे ईसीसी८१ आणि १२एयू७ म्हणजे ईसीसी८२. तिघांनाही नऊ पिना, तिघांची जोडणीही तीच, त्यामुळे कुठलाही कुठल्याही सॉकेटमध्ये आरामात बसतो. घोळ इथेच होतो. ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे व्हॉल्व्ह सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो तो आकडा, बघा : ईसीसी८३ चा १००, ईसीसी८१ चा ६० आणि ईसीसी८२ चा २० च्याही खाली. डेटाशीटप्रमाणे २५० व्होल्टला ईसीसी८३ साधारण १.२ मिलिॲम्पियर करंट घेतो, तर ईसीसी८२ साधारण १०.५. ईसीसी८३ साठी बांधलेल्या सर्किटमध्ये ईसीसी८२ घातला, तर त्याला हवा तेवढा करंट मिळतच नाही. तो अर्धपोटी चालतो.

फोनो विभागात याचा त्रास जास्त. अनेक प्रीॲम्पमध्ये रेकॉर्डचं आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड बनवताना बदललेले खालचे-वरचे स्वर परत मूळच्यासारखे करणं) फीडबॅकवर, म्हणजे बाहेर आलेल्या सिग्नलचा काही भाग परत आत देऊन, चालतं, आणि ते बरोबर व्हायला व्हॉल्व्हकडे भरपूर गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) शिल्लक लागतो. सगळ्यात जास्त गेन लागतो तो खालच्या स्वरांना. गेन कमी पडला की आधी बेस आटतो. मग ग्राहक सांगतात, ‘आवाज जरा स्वच्छ झाला’. स्वच्छ झालेला नसतो, तबल्याचा बायाँ गेलेला असतो.

थोडा गेन खरोखरच कमी करायचा असेल, व्हॉल्यूमची कळ घड्याळातल्या नऊच्या पुढे नेली की शेजारी दार वाजवतात अशी अवस्था असेल, तर ५७५१ हा नंबर आमच्या आवडीचा. ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ७०, म्हणजे ईसीसी८३ पेक्षा साधारण ३ डेसिबल कमी, आणि बहुतेक सर्किटना तो पचतो. हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) मात्र ६.३ व्होल्टवर ३०० ऐवजी ३५० मिलिॲम्पियर लागतात. दोन-तीन बदलायचे असतील तर ट्रान्सफॉर्मर कसा आहे ते आम्हाला आधी बघू द्या.

दुसरं कुटुंब ईसीसी८८ चं, आणि इथे चूक महागात पडते. साधा ईसीसी८८, म्हणजे ६डीजे८, प्लेटवर (व्हॉल्व्हच्या आतल्या, मोठं व्होल्टेज मिळणाऱ्या पत्र्यावर) १३० व्होल्टपर्यंतच सोसतो. ई८८सीसी, म्हणजे ६९२२, हा २२० पर्यंत. प्रीॲम्पवाल्याने ६९२२ लिहिलं असेल आणि प्लेटवर १५० व्होल्ट असतील, तर तिथे स्वस्तातला ६डीजे८ टाकू नका. पहिले काही दिवस छान गातो, मग चटचट सुरू होते. उलट, ६डीजे८ च्या जागी ६९२२ बहुधा चालतो. बहुधा अशासाठी की हीटरचा करंट वेगळा, ३६५ आणि ३०० मिलिॲम्पियर. काही प्रीॲम्पमध्ये हीटर सिरीजमध्ये, एकामागून एक, जोडलेले असतात आणि तिथे दोन जातींची मिसळ केली की व्होल्टेज असमान वाटलं जातं.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती रशियन ६एन१पी च्या नावाने. ऑनलाइन विकणारे त्याला बिनधास्त ‘६९२२ सारखाच’ म्हणतात. पिना जुळतात, पण हीटर ६०० मिलिॲम्पियर ओढतो, दुप्पट. चार व्हॉल्व्हचा प्रीॲम्प असेल तर ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देईल एवढा तापू शकतो. रशियन घ्यायचाच असेल तर ६एन२३पी मागा.

६एसएन७ वाल्यांसाठी एवढंच : ६एसएल७ त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण ६एसएल७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ७० आणि ६एसएन७ चा २०. अदलाबदल करू नका.

नाव कुणाचं, कारखाना कुठला

मुलार्डचे ज्यासाठी लोक जीव टाकतात ते व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनत. आज नव्या खोक्यावर जे मुलार्ड लिहिलेलं दिसतं, ते नाव एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचं आहे आणि आतला व्हॉल्व्ह रशियातल्या साराटोवचा. टंग-सोल आणि गोल्ड लायन या नावांचंही तेच. व्हॉल्व्ह वाईट नाहीत, आम्हीही विकतो. फक्त जुन्याची किंमत देऊन नवा घेऊ नका. स्लोव्हाकियाचे जेजे निदान स्वतःच्या नावाने येतात.

जुन्या व्हॉल्व्हवरचं छापील नाव हा पुरावा धरू नये. ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतं आणि नवं छापताही येतं. मुलार्ड ज्या गटातली, त्या फिलिप्स गटाच्या कारखान्यांनी काचेच्या खालच्या बाजूला बारीक कोड टाकलेले असतात. त्यात बी हे अक्षर ब्लॅकबर्नचं आणि छोटा त्रिकोण हॉलंडमधल्या हेरलेनचा. टेलिफुंकेनच्या अनेक व्हॉल्व्हच्या तळाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेला खेळाच्या पत्त्यांतल्या चौकटसारखा शिक्का असतो. यातली मजेची गोष्ट अशी की हे कारखाने एकमेकांना माल पुरवत. त्यामुळे त्याच गटातल्या ॲम्पेरेक्स किंवा व्हाल्व्होचं नाव छापलेल्या खोक्यात कधीकधी ब्लॅकबर्नचाच व्हॉल्व्ह निघतो, आणि नाव कमी गाजलेलं म्हणून कमी पैशात मिळतो. भिंग जवळ ठेवा, आमच्याकडे मागितलंत तरी देऊ.

चोरबाजारातून पिशवी भरून व्हॉल्व्ह आणणारेही आमचे ग्राहक आहेत. त्या पिशवीत बहुतेक वेळा ईसीएच८१, ईएबीसी८०, ईएल८४ असे जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह निघतात, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचेही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यासाठी ते सोनं आहे. प्रीॲम्पसाठी नाही.

आधी पिना पुसा

मुंबईची हवा हे आमच्या धंद्यातलं निम्मं काम आहे. समुद्राजवळच्या घरात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत, व्हॉल्व्हच्या पिनांवर आणि सॉकेटमधल्या धातूच्या पत्त्यांवर काळपट थर चढतो. मग खरखर येते, एक बाजू मध्येच बारीक होते, व्हॉल्व्ह हलवला की परत येते. ग्राहक समजतो व्हॉल्व्ह गेला. प्रीॲम्प इकडे आणला की आम्ही पहिलं काम करतो ते सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन सैल झालेल्या पत्त्या आवळण्याचं. नवे व्हॉल्व्ह घ्यायला आलेले कितीतरी जण जुनेच घेऊन घरी जातात.

हमचंही, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या घूं आवाजाचंही, तसंच. ५० हर्ट्झचा जाड, खालचा हम बहुधा हीटरकडून किंवा अर्थिंगच्या घोळातून येतो. १०० हर्ट्झचा जरा टोकदार हम पॉवर सप्लायच्या जुन्या कपॅसिटरकडून. कपॅसिटर सुकलेला असेल तर कितीही भारी व्हॉल्व्ह टाका, हम तसाच राहणार.

रेल्वे लाइनजवळ किंवा मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. व्हॉल्यूम नेहमीएवढा ठेवून, रेकॉर्ड न लावता, पेन्सिलच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून हलकासा ‘टक’ आला तर ठीक. घंटेसारखा आवाज घुमत राहिला तर तो व्हॉल्व्ह हादरे पकडतो, त्याला पहिल्या जागेवरून काढून मागच्या जागेवर टाका. तिथे तो वर्षानुवर्षं निमूट चालेल. (गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा खिडकीखाली असताना ही चाचणी करू नये, एवढं सांगायला नकोच.)

ऐकून ठरवताना

दोन जोड्यांची तुलना करताना एक जोडी नकळत थोडी मोठ्याने वाजते, आणि कानाला मोठा आवाजच बरा वाटतो. म्हणून आवाज आधी सारखा करा. १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि दुसऱ्या जोडीला व्हॉल्यूम फिरवून तेवढंच आणा. हे केलं की बरेचसे ‘जमीन-अस्मानाचे’ फरक जागेवर येतात. उरतो तो फरक खरा, त्यासाठी पैसे द्या.

ऐकायला काय लावायचं? आम्ही दुकानात विलंबित ख्यालाची सुरुवात लावतो, जिथे नुसता तानपुरा आणि आवाज आहे. तानपुऱ्याची जवारी इतक्या बारीक स्वरांनी भरलेली असते की व्हॉल्व्हचा खरखरीतपणा, एखाद्या बाजूचा कमी गेन, वरचे स्वर बोथट होणं, सगळं त्यात उघडं पडतं. व्हॉल्व्ह गरम व्हायला वीसेक मिनिटं द्या. ‘शंभर तास चालू द्या, मग खुलेल’ असं सांगून विकणाऱ्यावर आमचा फारसा विश्वास नाही. शंभर तासांत खुलतो तो बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचा कान.

घरी बदलताना

प्रीॲम्प बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. आतले कपॅसिटर बंद केल्यावरही २५० ते ३०० व्होल्ट धरून ठेवू शकतात, तेव्हा व्हॉल्व्हव्यतिरिक्त आत कशालाही हात लावू नका. व्हॉल्व्ह वरच्या बाजूने धरून हळूच पुढे-मागे डुलवत सरळ वर ओढा. गोल फिरवू नका, पिनांच्या मुळाशी काच तडकते. मोठा ६एसएन७ असेल तर काच न धरता खालचा बेस धरा. नवा बसवण्याआधी पिना सरळ आहेत का ते बघा आणि काढलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हवर चिकटपट्टी लावून जागेचा नंबर लिहा.

चालू करताना काही जुने युरोपियन ईसीसी८३ क्षणभर लख्ख उजळतात. घाबरू नका, ती त्यांची जुनी सवय आहे. काचेवरचा चंदेरी डाग मात्र दुधासारखा पांढरा झालेला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह लावूच नका, फेकून द्या.

आमच्याकडे येताना

प्रीॲम्पचं मॉडेल, शक्य असेल तर सर्किट आणि झाकण काढून घेतलेला फोटो घेऊन या. जुने व्हॉल्व्ह मऊ कागदात गुंडाळून आणा, तपासणी फुकट आहे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या एकाच काचेतले दोन्ही भाग वेगवेगळे मोजून आकडे खोक्यावर लिहून देतो, आणि फोनोच्या पहिल्या जागेसाठी घेत असाल तर टेस्टरवर भागत नाही म्हणून तो आमच्या फोनो ॲम्पमध्ये घालून हेडफोनवर ऐकूनच देतो. घरी नेऊन नाही आवडला तर पंधरा दिवसांत परत करा, पिना वाकलेल्या नसल्या म्हणजे झालं. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, तानपुरा नीट ऐकायचा तर आठवड्यातल्या सकाळी या.